वयाचा दाखला नेमका कोणाच्या हाती द्यायचा?

तळटीप: "लपवण्यासारखे काही नसेल, तर प्रौढांच्या संकेतस्थळावर ओळखपत्र दाखवायला हरकत कसली?" हे काल येथे एका सदस्याने लिहिलेले वाक्य दिवसभर सलत राहिले, म्हणून हा स्वतंत्र धागा. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अशा स्थळांना वयपडताळणी सक्तीची झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने मान्य केले की, बाहेरच्या एका सेवापुरवठादाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असावीत. त्यांतील बरीचशी वयाच्या तक्रारींसाठीच दिलेली होती. लपवण्यासारखे काही नसलेलेच हे लोक ना?

दोन मुलांचा बाप: माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना 'मी १८ वर्षांचा आहे' या बटणावर बोट ठेवून आत गेला आणि रात्री दिवा मालवू देईना. त्या बटणाला आपण पहारा म्हणत असाल, तर धन्य आहे! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासचा अशाच वयपडताळणीचा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी उगाच ग्राह्य धरलेला नाही.

अर्धविराम: चेहऱ्यावरून वय ठरवणाऱ्या यंत्राबद्दलही कोणीतरी बोला. वय वर्षे ३४ असताना मी चष्मा काढला, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, दिव्याखाली जाऊन उभी राहिले. तरी उत्तर एकच, 'आपण अल्पवयीन दिसता'. शेवटी ओळखपत्रच मागितले.

दोन मुलांचा बाप: अभिनंदन. तारुण्य टिकल्याची तक्रार प्रथमच वाचली.

अर्धविराम: थट्टा पुरे. माझे खाते तीन आठवडे बंद होते आणि त्यात कामाचा पत्रव्यवहार अडकला होता. यंत्र चुकले की दाद मागायची कोणाकडे, हे आपण म्हणता तो कायदा सांगतो का?

तळटीप: मुद्दा हाच आहे. चेहरा पटला नाही की कागद मागतात, आणि कागद फुटतो. युरोपीय संघ आणत असलेल्या ॲपमध्ये नाव किंवा जन्मतारीख न देता केवळ 'अठरा पूर्ण' एवढेच समोरच्याला कळावे, अशी योजना आहे. तेवढ्याला माझी ना नाही.

दोन मुलांचा बाप: चला, एवढे तरी पदरात पडले. मात्र ते ॲप सर्वत्र पोहोचेपर्यंत माझ्या धाकट्याने मोठे व्हायचे थांबावे काय?

तळटीप: थांबू नये; पण ब्रिटनमध्ये कायदा लागू होताच व्हीपीएन, म्हणजे आपण कोणत्या देशातून जोडलो आहोत हे लपवणारी ॲप, डाउनलोड करायला झुंबड उडाली होती. आपला धाकटा त्या रांगेत नसेल, याची खात्री आपण देता का?

दोन मुलांचा बाप: थोरल्याची देत नाही.