विचित्र ते लक्षात राहतं, पण सत्तरीत तितकंसं नाही

यादी लक्षात ठेवायची युक्ती म्हणून कुणीतरी सांगतं, "विचित्र चित्र डोळ्यासमोर आणा, म्हातारपणीही विसरणार नाही." अर्धंच बरोबर आहे. सारख्या गोष्टींत एखादी वेगळी असली की ती जास्त आठवते, हे मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवलं. भेंडी, गवार, पाना, दोडका, कारलं, यातला पाना. पण वेगळेपण जाणवायला बाकीच्यांशी तुलना व्हावी लागते. वयाबरोबर विचारांचा वेग मंदावतो, दोन गोष्टींची सांगड घालणं जड जातं. म्हणून काही प्रयोगांत ज्येष्ठांना हा फायदा कमी मिळालेला दिसतो.

मग घरच्या ज्येष्ठांना यादी लक्षात ठेवायला मदत करताना करायचं काय? १० वस्तूंत एक, फार तर दोन विचित्र चित्रं. सगळीच विचित्र केली की वेगळं काही उरतच नाही, बहुतेकांचं फसतं ते इथेच. चित्र तुम्ही सुचवू नका, त्यांना रचू द्या, घाई न करता. आणि ते वस्तूला चिकटलेलं हवं: छत्री घेऊन नाचणारा पाना नको (छत्री आठवते, पाना जातो!), कारलं पिळणारा पाना चालेल. गोळ्यांच्या बाबतीत मात्र हा खेळ नकोच, वारांच्या कप्प्यांची डबी आणा.