बालपणी नाझी संहारातून बचावलेल्या ज्यूंच्या आठवणी वर्गात कशा सांगाव्यात?

अंबाजोगाईची शिक्षिका
नमस्कार. 27 जानेवारीला, म्हणजे 1945 साली सोव्हिएत सैन्याने आउशविट्झची छळछावणी मुक्त केली त्या दिवशी, नववीच्या वर्गात एक तास घेणार आहे. नाझींच्या राजवटीत सुमारे 15 लाख ज्यू मुले मारली गेली, हे फळ्यावर लिहिता येते. जी वाचली त्यांच्याविषयी कसे बोलावे, ते सुचत नाही. चार-पाच वर्षांच्या लेकराला काय आठवणार, त्यापेक्षा सनावळ्या पक्क्या करून घ्या, असे एक सहकारी म्हणतात. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत अशी मुले राहिली होती असे ऐकले आहे. तेथूनच सुरुवात करावी का?

परभणीकर
करू नये. वळिवड्याला 1943 पासून राहिले ते सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हद्दपार केलेले पोलिश निर्वासित, आणि त्यांतले बहुतेक कॅथलिक होते. त्यांचे हाल खरे, पण ती हकिगत निराळी. (जामनगरजवळच्या बालाचडी छावणीबाबतही हीच गल्लत नेहमी होते.) त्यापेक्षा किंडरट्रान्सपोर्टपासून, म्हणजे ज्यू मुलांना ब्रिटनला नेणाऱ्या मोहिमेपासून, सुरुवात करा. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, त्यानंतर ब्रिटनने एकट्या येणाऱ्या मुलांना प्रवेश दिला आणि युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे 10 हजार मुले तेथे पोहोचली. आईवडिलांना सोबत येण्याची मुभा नव्हती.

औसा तालुक्यातून
आपल्या सहकाऱ्यांच्या शंकेविषयी लिहितो. हॉलंड, फ्रान्स, पोलंडमध्ये अनेक मुले ख्रिस्ती घरांत आणि मठांत लपवली गेली. त्यांना नवे नाव मिळाले, नव्या प्रार्थना पाठ कराव्या लागल्या, आणि युद्ध संपल्यावर खरी आई न्यायला आली तेव्हा काहींनी तिला ओळखले नाही. पुढे ही मुले बोलू लागली, तर ‘तुम्ही लहान होतात, तुम्हाला काय कळत होते’ असे म्हणून त्यांना गप्प केले गेले. त्यांचा पहिला मोठा मेळावा न्यूयॉर्कला भरला तो 1991 साली, म्हणजे बहुतेकांनी पन्नाशी ओलांडल्यावर.

हे वाक्य मीही ऐकलेले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमचे माळवद कोसळले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. भूकंप आणि माणसांनी ठरवून केलेला संहार एका मापाने मोजता येत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु त्या पहाटेचे मला आठवते ते आजीच्या लुगड्याला लागलेली ओली पांढरी माती, आणि ते मला घरात कधी कुणी विचारलेच नाही.

अंबाजोगाईची शिक्षिका
आभारी आहे. वळिवडे टिपणातून काढले. नाझींनी ज्यूंना जेथे कोंडले होते त्या टेरेझिन छावणीतल्या मुलांची चित्रे दाखवली तर चालतील का?

परभणीकर
अवश्य दाखवा, मात्र ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत, हे आधी सांगा. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती तेथे मुलांना शिकवत असे, आणि प्रत्येकाने चित्रावर आपले नाव लिहावे असा तिचा आग्रह असे. 1944 मध्ये तिला आउशविट्झला नेऊन मारले गेले. दोन सूटकेसांत लपवलेली सुमारे 4,500 चित्रे मात्र राहिली आणि ती आता प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. वर्गात चित्र दाखवताना त्यावरचे नाव एखाद्या विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला सांगा.