शाळेच्या वाचनालयात भूतकथांचा वेगळा खण हवा की नको?

शाळेतली ग्रंथपाल (धागाकर्ती)
आमची मराठी माध्यमाची शाळा, पाचवी ते दहावी. दिवाळीच्या सुट्टीत मी गोष्टींच्या पुस्तकांची जुनी मांडणी मोडली. आधी सगळं ड्यूईप्रमाणे, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे होतं. त्यात मराठी साहित्य म्हणजे ८९१.४६, आणि कथा-कादंबऱ्या ८९१.४६३. भूतकथा, शिकारकथा, शिवकालीन कादंबरी, विनोदी गोष्टी, सगळ्यांना एकच वर्गांक आणि पुढे लेखकाच्या आडनावाचं अक्षर. इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ अशी अख्खी दहा घरं, आपल्याला ८९१ मधला एक कोपरा! सहावीतलं पोर येऊन विचारतं, "बाई, भुताचं आहे का?" त्याला लेखकाचं आडनाव कुठून माहीत असणार? ३५ मिनिटांच्या तासातला निम्मा वेळ मी पुस्तकं शोधून देत असायचे आणि मागे रांग वाढत जायची.

आता रहस्य, भय, साहस, विज्ञानकथा, इतिहास, विनोद असे खण केलेत. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात रंगीत टिकली लावलीय (पातळ पुस्तकांच्या पाठीवर तसाही एवढा लांब आकडा मावत नाही). माहितीपर पुस्तकांना हात लावलेला नाही, पक्षी ५९८ ला आणि क्रिकेट ७९६ लाच आहे. दाखल अंकही (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) तेच. निदान गोष्टींपुरतं तरी प्रत्येक शाळेनं हे करावं असं मला मनापासून वाटतं.

निवृत्त ग्रंथपाल
तुमची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. वर्गांक हा पुस्तकाचा पत्ता असतो. तो वाचायला शिकलेलं मूल पुढे महाविद्यालयात कुणाला न विचारता पुस्तक काढतं. तिथे रंगीत टिकल्या नसतील. शिवाय फास्टर फेणे कुठे ठेवलात, रहस्यात की साहसात? तुम्ही एक ठरवाल, तुमच्या जागी येणाऱ्या बाई दुसरं. नारायण धारपांच्या भयकथा एका खणात गेल्या, विज्ञानकथा दुसऱ्या. लेखक आवडला म्हणून त्याचंच पुढचं पुस्तक शोधणाऱ्या मुलाची तुम्ही अडचण करून ठेवलीत.

धागाकर्ती
सर, धारपांचा मुद्दा मान्य. तो तोटा आहे. पण लेखकाची ताटातूट ड्यूईतही होतेच की. नारळीकरांच्या विज्ञानकथा ८९१.४६३ ला, खगोलशास्त्रावरची पुस्तकं ५२० च्या घरात. फेणे साहसात आहे, सातवीच्या मुलांनी हात वर करून ठरवलं. तसं दाखल नोंदवहीच्या शेऱ्यात लिहूनही ठेवलंय, म्हणजे पुढच्या बाईंना कोडं नको.

एक वाचक
मी धागाकर्तीच्या बाजूने. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असाच आहे. रांगेत उभ्या मुलाचा वेळ हा वेळ नाही का?

निवृत्त ग्रंथपाल
त्याच रंगनाथनांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं लावायची स्वतःची पद्धत काढली, ती ड्यूईहूनही काटेकोर. वाचकाचा वेळ नेमकेपणानं वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सिद्धांत घ्यायचा तर पूर्ण घ्या.

मराठीच्या बाई
मला आकड्यांचं प्रेम नाही, पण या खणांची भीती वाटते. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर भयकथांपलीकडे गेला नाही. दुसऱ्या खणाकडे बघायचं कारणच उरलं नाही त्याला. आडनावाच्या क्रमात शोधताना भलतंच पुस्तक हाताला लागायचं, आणि माझं स्वतःचं निम्मं वाचन तसंच झालंय. कविता तर कुणीच मागत नाही. धागाकर्तीनं कवितेला खण दिलाय का? यादीत दिसला नाही.

पाचवीतल्या मुलीची आई
तुमच्याकडे निदान खण उघडे आहेत. मुलीच्या शाळेत दोन लोखंडी कपाटं, किल्ली कार्यालयात, शनिवारी बाई स्वतःच्या हातानं एकेक पुस्तक देतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय सांगितलंय, ते कुलपात ठेवण्यासाठी नक्कीच नाही. मुलांना हात लावता येणार असेल तर मला दोन्ही मांडण्या चालतील.

धागाकर्ती
बाई, कवितेला खण दिलेला नाही. ८९१.४६१ ची पुस्तकं अजून जुन्याच कपाटात, खालच्या फळीवर आहेत. तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं आणि वाईट वाटलं. उद्या दाराजवळच्या टेबलावर आणते, तिथे दर सोमवारी प्रत्येक खणातलं एकेक पुस्तकही ठेवीन, टिकली न बघता उचलायला. पण खण मोडणार नाही. सर, मार्चमध्ये साठा पडताळणी आहे. किती पुस्तकं जागेवर सापडली नाहीत तो आकडा इथेच देईन.

निवृत्त ग्रंथपाल
द्या. गेल्या मार्चचाही द्या, नाहीतर तुलना कशाशी करायची?