रोटॅक्स 912 : पावसाळ्यानंतर मंद गतीवर इंजिन थरथरते, कार्ब्युरेटरमध्ये प्रथम काय तपासावे?

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार. आम्हा काही मित्रांच्या मालकीच्या दोन आसनी मायक्रोलाइट (हलक्या) विमानाला 80 अश्वशक्तीचे रोटॅक्स 912 इंजिन आहे. पावसाळाभर विमान पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवले होते आणि टाकीत निम्म्याहून कमी पेट्रोल शिल्लक होते. आता हंगामापूर्वीच्या जमिनीवरील चाचण्या सुरू केल्या, तेव्हा 2000 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली इंजिन इतके थरथरते की समोरच्या फलकावरील काटे नीट वाचता येत नाहीत. 3500 च्या पुढे मात्र ते जवळजवळ शांत चालते. 4000 वर दोन स्वतंत्र इग्निशनपैकी (ठिणगी देणाऱ्या यंत्रणांपैकी) एकेक बंद करून पाहिले असता दोन्हींवरील वेगातील घट सारखीच आणि मर्यादेत आहे. इंजिन बंद केल्यावर डावीकडील कार्ब्युरेटरखालच्या थाळीत पेट्रोलचा ओला डाग उरतो. कार्ब्युरेटरवरील हवा-पेट्रोल मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवून पाहावा असे आमच्यातील एकाचे म्हणणे आहे. परवानाधारक अभियंते पुढील आठवड्यात बेळगावहून येणार आहेत. तोपर्यंत काय पाहून ठेवणे योग्य ठरेल?

फोंडा_हँगर

स्क्रूला अजिबात हात लावू नका. मागील हंगामात इंजिन त्याच स्क्रूंवर व्यवस्थित चालत होते आणि शेडमध्ये उभे असताना स्क्रू आपोआप फिरत नाहीत. आता ते फिरवले तर मूळ दोष झाकला जाईल आणि अभियंत्यांना एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतील.

दोन्ही इग्निशनवरील घट सारखी असणे ही मोठी खूण आहे. प्लग किंवा इग्निशनमध्ये दोष असता तर एका बाजूची घट ठळकपणे जास्त आली असती. रोटॅक्सने प्रत्येकी 300 आणि दोहोंतील फरक 115 आरपीएम अशी मर्यादा दिलेली आहे. म्हणजे संशय इंधनाकडे जातो, आणि थाळीतील डाग तो पक्का करतो. या इंजिनावर बिंग कंपनीचे दोन कार्ब्युरेटर असतात आणि प्रत्येक जण आपापल्या बाजूच्या दोनच सिलिंडरांना मिश्रण पुरवतो. त्यामुळे एका कार्ब्युरेटरखालच्या वाटीतील पेट्रोलची पातळी वाढली की तेवढीच बाजू जड (जादा पेट्रोलच्या) मिश्रणावर चालते, दुसरी नेहमीसारखी चालते, आणि मंद गतीवर हा असमतोल थरथरीच्या रूपाने जाणवतो. वेग वाढल्यावर हवेचा ओघ मोठा होतो आणि तो फरक बराचसा झाकला जातो.

पातळी वाढण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जड झालेले फ्लोट, म्हणजे वाटीतील पेट्रोलवर तरंगणारे तुकडे. बिंगच्या वाटीत दोन सुटे फ्लोट उभ्या खिळ्यांवर वरखाली सरकतात आणि एका काट्यामार्फत सुईचा व्हॉल्व्ह बंद करतात. त्यांनी पेट्रोल शोषले की ते पुरेसे वर येत नाहीत, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जादा पेट्रोल वाटीच्या श्वासनळीतून (हवा ये-जा करणाऱ्या नळीतून) बाहेर पडते. अभियंते आल्यावर स्प्रिंगची कडी बाजूला सारून वाटी काढून घ्या, फ्लोट पुसून कोरडे करा आणि एका कार्ब्युरेटरचे दोन्ही फ्लोट एकत्र तोला. जोडीचे वजन 7 ग्रॅमपेक्षा जास्त भरले तर ती बाद समजावी. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. बाजारपेठेतील सोनाराकडे जा, तो हसेल पण तोलून देईल.

त्याच वेळी चोकची (थंड इंजिन सुरू करताना मिश्रण जड करणाऱ्या झडपेची) केबल पूर्ण परत येते का, तेही पाहावे. एका बाजूची केबल जरा अडकली तरी थ्रॉटल मिटलेला असताना नेमकी हीच लक्षणे दिसतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी : या कार्ब्युरेटरवरील स्प्रिंग थ्रॉटल उघडण्याच्या दिशेने ओढते, त्यामुळे केबल सुटी असताना इंजिन चालू केल्यास ते थेट पूर्ण वेगाकडे जाईल.

म्हापसेकर

आपल्याकडील दमट हवा पाहता, हा कार्ब्युरेटरमध्ये जमणारा बर्फ तर नसेल? तापमान 30 अंशांच्या आसपास असतानाही कमी शक्तीवर तो जमतो, असे वाचले आहे.

फोंडा_हँगर

जमतो, आणि किनाऱ्यावरून उतरताना ते भान ठेवायलाच हवे. पेट्रोलचे बाष्पीभवन आणि हवेचा घटलेला दाब यांमुळे आतील तापमान 20 अंशांहूनही अधिक खाली जाऊ शकते. परंतु बर्फ वितळला की लक्षणही जाते, आणि त्यामुळे थाळीत पेट्रोलचा डाग पडत नाही. येथे लक्षण दर वेळी तेच आहे.

काणकोणकर

फ्लोटबरोबर पेट्रोलही तपासावे, असे मी आग्रहाने सुचवेन. पंपावर आता सर्वसाधारणपणे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर रोटॅक्सने 912 साठी 10 टक्क्यांपर्यंतच मान्यता दिलेली आहे. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. अर्धी रिकामी टाकी, उघडी श्वासनळी आणि गोव्याचा जून ते सप्टेंबर एवढे एकत्र आले की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसू शकतो. खुणा असलेल्या काचेच्या नळीत 10 मिलिलिटर पाणी आणि 90 मिलिलिटर पेट्रोल घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा थर 28 मिलिलिटरच्या खुणेच्या आसपास गेला तर ते 20 टक्के मिश्रण आहे. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे हे तर झालेच. शिसेयुक्त अ‍ॅव्हगॅसचा (विमानांच्या पेट्रोलचा) पर्याय आहे, पण मग तेल दर 25 तासांनी बदलावे लागते आणि खर्चाचा हिशेब वेगळा होतो.

डिचोलीकर

सर्वांचे आभार. अभियंत्यांनी काल दोन्ही वाट्या उघडल्या. डावीकडची जोडी सोनाराच्या काट्यावर 8.4 ग्रॅम भरली, उजवीकडची 6.3. नळीतील थर 27 वर थांबला. डाव्या वाटीच्या तळाशी तपकिरी चिकट गाळही होता आणि सुईच्या टोकावर त्याची बारीक कडा बसलेली होती. चोकच्या केबल दोन्हीकडे ठीक आहेत. उजवीकडची जोडी मर्यादेत असल्यामुळे तशीच ठेवावी काय?

फोंडा_हँगर

ठेवू नका. दोन्ही जोड्यांनी तेच पेट्रोल सोसलेले आहे आणि उजवीकडची आज ना उद्या त्याच वाटेने जाईल. चारही फ्लोट बदलून, सुई आणि जेट स्वच्छ करून घ्या. त्यानंतर दोन्ही बाजूंना जोडणारी नळी काढून निर्वात मापकांवर कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायला सांगा, आधी मंद गतीवर आणि नंतर थ्रॉटल उघडताना. स्क्रू फिरवायचे असतील तर ते त्या वेळी, मापकांकडे पाहून. पुन्हा थरथर राहिली तर डायफ्रॅम (कार्ब्युरेटरमधील रबरी पडदा) आणि इंजिनाकडील रबरी जोड यांत चीर आहे का, ते पाहावे लागेल.