मनगट लोंबलेल्या हातात रेडियल, अल्नर आणि मीडियन या तीनही नर्व्ह (मज्जातंतू) निकामी वाटल्या. तपासताना माझे कुठे चुकले?

प्रश्न – इंटर्न, अस्थिरोग विभाग

दंडाचे हाड मध्यावर मोडलेला, पण जखम नसलेला एक रुग्ण मी गेल्या आठवड्यात तपासला. अपघाताला दोन दिवस झाले होते. हात पुढे धरायला सांगताच मनगट खाली लोंबले, त्यामुळे रेडियल नर्व्हला इजा झाली आहे हे लगेच समजले. गोंधळ झाला तो त्यानंतर. बोटे फाकवायला सांगितली तर ती जेमतेम हलली, म्हणून अल्नर नर्व्हलाही इजा आहे असे मी लिहिले. मूठ इतकी सैल होती की माझी दोन बोटे सहज निसटली, म्हणून मीडियनचीही शंका नोंदवली. बोटांची पेरे मात्र तो सरळ करू शकत होता, तेव्हा रेडियल थोडीफार शाबूत असावी असा शेराही मी मारला. संध्याकाळी वरिष्ठांनी काही मिनिटांतच तपासणी करून इजा फक्त रेडियलला आहे आणि स्नायूंची ताकद पूर्ण गेली आहे, असे निदान केले.

माझे प्रत्येक निरीक्षण खरे होते, तरी निष्कर्ष मात्र सगळेच चुकले. असे का झाले, इजा नर्व्हच्या कोणत्या पातळीवर आहे हे कसे ठरवावे, आणि नर्व्ह कंडक्शन तपासणी (नर्व्हला विजेचे उत्तेजन देऊन तिचे वहन पाहणे) त्याच दिवशी करून घ्यायला हवी होती का, हे कृपया कोणी सविस्तर सांगेल का?

उत्तर १ – हाताच्या शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक

तुम्ही हालचाली तपासल्या, पण त्या ज्या स्थितीत तपासायच्या त्या स्थितीत हात ठेवला नाही. या तपासणीत निम्म्याहून अधिक चुका याच कारणाने होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बोटे फाकवण्याचे काम अल्नर नर्व्हच्या स्नायूंचे आहे हे खरे. परंतु बोटांच्या मुळाशी असलेले सांधे वाकलेले असले की त्यांच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात आणि निरोगी माणसालाही बोटे नीट फाकवता येत नाहीत. स्वतःची मूठ अर्धवट मिटून करून पाहा. रेडियल निकामी झाली की हे सांधे वाकूनच राहतात. म्हणून अशा रुग्णाचा तळहात टेबलावर सपाट ठेवावा आणि मग बोटे फाकवायला सांगावे. त्याच वेळी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात पाठीमागून आपले बोट ठेवून तिथला स्नायू घट्ट होतो का ते चाचपावे. तो घट्ट झाला तर अल्नर काम करते आहे.

मुठीचेही तसेच आहे. मनगट किंचित मागे वळलेले असेल तरच बोटे मिटणाऱ्या स्नायूंना पुरेसा ताण मिळतो. लोंबलेल्या मनगटाने कोणाचीही मूठ ढिली पडते. आपल्या हाताने रुग्णाचे मनगट वीस-तीस अंश मागे धरून ठेवा आणि पुन्हा मूठ आवळायला सांगा. मीडियन आणि अल्नर शाबूत असतील तर फरक तिथल्या तिथे जाणवतो.

तुमची तिसरी चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे संपूर्ण इजेला अर्धवट इजा समजले गेले. बोटांची पेरे सरळ करण्याचे काम हाताच्या पंजातील बारीक स्नायूही करतात आणि त्यांना रेडियलचा पुरवठा नसतो. रेडियलची खरी परीक्षा बोटांच्या मुळाच्या सांध्यांवर होते. अंगठ्याबाबत तर याहून जपावे लागते. त्याचे टोक इतर स्नायूंच्या मदतीने थोडे सरळ होऊ शकते, म्हणून तळहात टेबलावर सपाट ठेवून फक्त अंगठा वर उचलायला सांगावे. ही हालचाल एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस या एकाच स्नायूची आहे. तिथे फसवणूक होत नाही.

आता पातळी. नर्व्हला फुटणाऱ्या फांद्या वरून खाली ज्या क्रमाने निघतात, त्याच क्रमाने स्नायू तपासावेत. ट्रायसेप्सच्या (कोपर सरळ करणाऱ्या स्नायूच्या) बहुतेक फांद्या दंडाच्या हाडाला वळसा पडण्यापूर्वीच निघतात, त्यामुळे हाडाच्या मध्यावरच्या इजेत कोपर सरळ करण्याची ताकद टिकते. काखेत कुबडीने नर्व्ह दबली असेल तर तीही जाते. त्यानंतर ब्रेकिओरेडियालिस हा कोपर वाकवणारा स्नायू: अंगठा वर राहील असा पुढचा हात धरून विरोधाविरुद्ध कोपर वाकवायला लावा आणि स्नायूचा उभार दिसतो का ते पाहा. कोपराच्या खाली फक्त खोल फांदी दुखावली असेल तर मनगट वर उचलले जाते, पण अंगठ्याच्या बाजूला झुकते, बोटे मात्र उचलत नाहीत आणि संवेदना पूर्ण शाबूत असते.

संवेदनेच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. रेडियलचा बधिर भाग अंगठ्याच्या बेचक्याच्या पाठीमागे, अगदी लहान असतो आणि शेजारच्या नर्व्हच्या पुरवठ्यामुळे कधी सापडतही नाही. तो सापडला नाही म्हणून रेडियल ठीक आहे असे समजू नये. याउलट तर्जनीचे टोक मीडियनचे आणि करंगळीचे टोक अल्नरचे. या दोन जागा भरवशाच्या आहेत. त्या दोन्ही ठिकाणी स्पर्श स्वच्छ कळत होता का, याची नोंद तुमच्या प्रश्नात नाही.

उत्तर २ – मज्जातंतूविकारतज्ज्ञ

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. कंडक्शन तपासणीबद्दल लिहितो.

सेडन यांनी १९४३ मध्ये नर्व्हच्या इजेचे तीन प्रकार मांडले. न्यूराप्रॅक्सियामध्ये वहन थांबते, पण तंतू अखंड असतात. ॲक्सोनॉटमेसिसमध्ये तंतू तुटतात, पण त्यांची बाहेरची आवरणे टिकतात. न्यूरॉटमेसिसमध्ये संपूर्ण नर्व्हच तुटते. तंतू तुटला तरी इजेच्या खालचा भाग लगेच मरत नाही. काही दिवस तो विजेच्या उत्तेजनाला प्रतिसाद देत राहतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी इजेच्या खाली उत्तेजन दिले असते तर तिन्ही प्रकारांत आलेख जवळपास सारखाच, म्हणजे चांगला दिसला असता आणि रुग्णाला खोटा दिलासा मिळाला असता. स्नायूत सुई घालून केलेल्या तपासणीत पुरवठा तुटल्याची लक्षणे दिसायलाही दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून पहिली तपासणी साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करावी.

तोपर्यंत आणि त्यानंतरही आपले बोट हेच सर्वांत उपयोगी साधन आहे. टिनेल यांनी १९१५ मध्ये वर्णन केलेली खूण पाहताना नर्व्हच्या मार्गावर खालून वर हलकेच टिचक्या मारत जावे. जिथे टिचकी मारल्यावर त्या नर्व्हच्या भागात मुंग्या येतात, तिथपर्यंत नवे तंतू पोहोचले आहेत असे समजावे. ही जागा दर भेटीत खाली सरकली पाहिजे. तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात. मोडलेल्या जागेपासून ब्रेकिओरेडियालिसमध्ये नर्व्ह शिरते तिथपर्यंतचे अंतर ९ सेंटिमीटर असेल, तर तीन महिन्यांच्या आधी त्या स्नायूत हालचाल शोधणे व्यर्थ आहे. मात्र ती त्याआधीच, काही आठवड्यांत परतली, तर इजा बहुधा न्यूराप्रॅक्सियाची होती.

जखम नसलेल्या अशा अस्थिभंगात बहुसंख्य रुग्णांची रेडियल आपोआप सुधारते. धारदार शस्त्राची जखम असेल तर मात्र वाट पाहू नये. नर्व्ह कापली गेली आहे असे धरूनच चालावे.

उत्तर ३ – फिजिओथेरपिस्ट

पायाबद्दल थोडे लिहिते, कारण हीच चूक तिथेही होते. पाऊल लोंबते आहे असे दिसले की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या) मानेशी कॉमन पेरोनियल ही पाऊल वर उचलणारी नर्व्ह दबली आहे असे सरसकट लिहिले जाते. घट्ट प्लास्टरने किंवा बराच वेळ उकिडवे बसल्याने ती तिथे दबतेही. परंतु कमरेतील पाचव्या नर्व्हचे मूळ दबल्यानेही पाऊल लोंबते. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. ते काम टिबियल नर्व्हचे आहे, पण तिला पुरवठा त्याच मुळातून येतो. म्हणून पेरोनियलच्या इजेत ती ताकद टिकते आणि मूळ दबले असेल तर कमी होते. ही तपासणी करताना घोट्याला हाताने आधार देऊन तो काटकोनात धरावा, नाहीतर लोंबलेल्या पावलात हीही हालचाल कमजोर भासते.

तुमच्या रुग्णाच्या मनगटाला आधार देणारे स्प्लिंट पहिल्या दिवसापासून द्यावे आणि बोटांचे सांधे रोज हाताने पूर्ण सरळ करून घ्यावेत. नर्व्ह चार महिन्यांनी परतली आणि सांधे तोवर आखडलेले असले, तर त्या परतण्याचा रुग्णाला फारसा उपयोग होत नाही. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मनापासून वाईट वाटते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. आज त्या रुग्णाला पुन्हा तपासले. तळहात टेबलावर ठेवताच बोटे पूर्ण फाकली आणि बेचक्यातील स्नायू घट्ट लागला. मनगट धरल्यावर मूठ भक्कम होती. तर्जनी आणि करंगळीच्या टोकांना कापसाचा स्पर्श बरोबर कळला. ट्रायसेप्सची ताकद पाचपैकी पाच, ब्रेकिओरेडियालिसची शून्य, आणि अंगठा टेबलावरून मुळीच उचलला नाही. आधीची नोंद मी तारखेसह दुरुस्त केली आहे.

कागदपत्रे चाळताना मात्र एक गोष्ट खटकली. हाड जागेवर बसवून प्लास्टर घालण्यापूर्वी नर्व्ह तपासल्याची नोंद कुठेच नाही. त्यामुळे मनगट अपघातानेच लोंबले की हाड बसवताना, हे आता सांगता येत नाही. याने पुढच्या उपचारात फरक पडेल का?

उत्तर १ चे लेखक

पडू शकतो. हाड बसवताना नर्व्ह तुकड्यांमध्ये अडकण्याची शक्यता असते, त्यामुळे आधी चांगली असलेली नर्व्ह नंतर निकामी झाली तर पुष्कळ शल्यचिकित्सक ती उघडून पाहण्याचा विचार लवकर करतात, जरी याबाबत सर्वांचे एकमत नाही. रुग्णाला आणि नातेवाइकांना विचारा: अपघातानंतर, प्लास्टरच्या आधी, मनगट वर उचलता येत होते का? बोटांनी काही धरले होते का? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा आणि आजच वरिष्ठांना दाखवा.

यापुढे हाडाला हात लावण्यापूर्वी, भूल देण्यापूर्वी आणि प्लास्टरनंतर, अशा तीन वेळा वेळेसह नोंद करा. अंगठा उचलणे, तर्जनी आणि करंगळीच्या टोकांचा स्पर्श आणि बोटे फाकवणे, एवढे तपासायला एक मिनिटही लागत नाही.