'माँके' : एका फ्रेंच क्रियापदाचे तुमचे अनुभव

फ्रेंच शिकताना 'माँके'ने मला जितकं अडवलं तितकं दुसऱ्या कुठल्या क्रियापदाने नाही. 'मला तुझी आठवण येते' हे तिकडे 'त्यु म माँक'. यात कर्ता मी नाही, तू. माझ्यात तुझी उणीव आहे, असं काहीसं. ल्योंला शिकत असताना सुट्टीत पुण्याला आले आणि ल्योंच्या घरमालकीणबाईंना फोन लावला. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मनापासून म्हणाले, 'ज वू माँक.' पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग हळूच, 'वी. बोकू.' हो, खूप. मला म्हणायचं होतं, तुमची आठवण येते. म्हटलं गेलं होतं, 'तुम्हाला माझी आठवण येते.' आपणहून त्या हे कधीच बोलल्या नसत्या.

तुम्हाला हे क्रियापद कुठे भेटलं? सविस्तर लिहा.

— मी फ्रेंच शिकवते. मुलं इंग्रजीतून वाक्य जुळवतात आणि तिथेच घोटाळा होतो. मी फळ्यावर आधी 'मला चहा आवडतो' लिहिते. कर्ता कोण? चहा. मग 'सा म प्ले', हे मला आवडतं. मग 'त्यु म माँक'. 'मला'च्या जागी 'म' ठेवला की वाक्य आपोआप बसतं. मराठी मुलांना ही वाट घरातलीच आहे, ती सोडून लांबून का जायचं? बस चुकली की मात्र उलट! आपल्याकडे बस चुकते, तिकडे 'मी' बस चुकवतो, 'जे माँके ल ब्युस'. रोजच्या बोलण्यात त्यासाठी 'राते' जास्त ऐकू येतं.

— तुलूझ. पावाच्या दुकानात तळहातावर नाणी मोजत होतो. बाई म्हणाल्या, 'इल वू माँक व्हँ साँतीम.' वीस सेंट कमी पडतायत. यातला 'इल' म्हणजे कोणीच नाही, हे तिथे उभ्या उभ्या कळलं. तेव्हापासून सूप चाखलं की तोंडात येतं, 'इल माँक द्यु सेल', मीठ कमी आहे. ऑफिसात प्रिंटर बंद पडला तेव्हा सहकारी ओरडली, 'इल न माँके प्ल्यु क सा!' अगदी आपलं 'आता एवढंच बाकी होतं!'

— 'घरच्यांना नमस्कार सांगा'ला उत्तर, 'ज नी माँक्रे पा.' न चुकता सांगेन. जरा जुन्या वळणाचं, पण मला फार आवडतं.

— माझी नात पॅरिसला असते. फोनवर म्हणाली, 'आजी, त्यु म माँक.' शिकवल्याप्रमाणे मी 'म्वा ओसी', मी पण, म्हटलं. ती म्हणाली, 'नाही आजी, त्वा ओसी म्हण. तू पण.' जिची आठवण येते ती कर्ता ना, म्हणून. आता फोन ठेवताना मी रोज 'त्वा ओसी' म्हणते, आणि ते ऐकल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.