पत्रकासाठी शब्द हवा आहे: चिंता, घालमेल की अँग्झायटी?

नौपाडाकरीण

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, छोटंसं शिबिर आहे. अँग्झायटी ओळखायची कशी आणि उपचाराला जायचं कुणाकडे, एवढंच सांगणारं एक पान मला मराठीत करायचंय. इंग्रजी मजकूर हातात आहे, तरी गाडी पहिल्याच ओळीला अडली. मी लिहिलं, ‘तुम्हाला सतत चिंता वाटते का?’ आणि कोपरीच्या मावशीला वाचून दाखवलं.

मावशी म्हणाली, "मला गं कसली चिंता? दोन्ही मुलं मार्गी लागली, पेन्शन एक तारखेला येते."

हीच मावशी रात्री तीनदा उठून गॅसचा नॉब बघते. नुसता बघत नाही, बोटांनी दाबते, वाकून वास घेते, पलंगापर्यंत जाते आणि परत येते. काकांना भाजी आणायला दहा मिनिटं जास्त लागली की खिडकीत उभी. मान कायम आखडलेली. वर्षभरात दोनदा छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. पत्रक तिच्यासारख्यांसाठीच आहे, आणि पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हणून तिनं ते चष्म्याच्या घराखाली सारलं.

मी मग विचारलं, "जिवाची घालमेल होते का?" लगेच उत्तर: "ती तर रोजचीच!"

तर कोणता शब्द घालू? शिवाय इंग्रजीत एक ‘ऑन एज’ आहे, म्हणजे सतत ताणल्यासारखं वाटणं, त्यालाही काही सुचवा. शनिवारी छापायला द्यायचंय.

कोशवाला

यात अडण्यासारखं काय आहे? अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत ‘चिंता’ आणि ‘चिंता विकृती’ या संज्ञा रूढ आहेत. घालमेल हा बोलीतला शब्द. घालणे आणि मेळणे, म्हणजे मुळात सरमिसळ, ढवळाढवळ. हिशेबात घालमेल होते, कारभारात होते. वैद्यकीय पत्रकात संज्ञा नेमकी हवी.

ऐरोली_लोकल

कोशवाले काका, ‘विकृती’ म्हटलं की आम्हाला ‘विकृत इसमास अटक’ ही बातमी आठवते. त्या मावशींना सांगून बघा, तुम्हाला विकृती आहे म्हणून. पुन्हा दार उघडणार नाहीत.

शब्दानं काय होतं याचा माझा अनुभव. २०१९ ची गोष्ट, ऑफिस रबाळ्याला. सकाळची ट्रान्स-हार्बर, गर्दी नेहमीचीच. ठाणं सोडून गाडीनं वेग घेतला आणि माझी बोटं मुंग्या आल्यासारखी झाली, घशाला कोरड, छाती अशी धडधडायला लागली की शर्टावरून दिसेल. मी चाललो, एवढंच डोक्यात. समोरच्या काकांनी खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढली, दुसऱ्यानं बाटली तोंडाला लावली. ऐरोलीला चौघांनी उतरवलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत निम्मं ओसरलं होतं. सगळ्या तपासण्या झाल्यावर तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, "पॅनिक अटॅक होता, हृदय ठणठणीत आहे."

मी बाबांना फोन केला, "पॅनिक अटॅक होता." डोंबिवलीत त्यांना ऐकू आला तो फक्त ‘अटॅक’. मराठीत नुसतं ‘अटॅक आला’ म्हटलं की दुसरा अर्थच नसतो ना! ते आईला, काकाला आणि फिक्स्ड डिपॉझिटच्या कागदांना घेऊन निघाले. माझं म्हणणं, पत्रकात ‘पॅनिक अटॅक’ हे दोन शब्द शेजारी शेजारी येऊच देऊ नका.

सांगलीची_सून

फिक्स्ड डिपॉझिटचे कागद 😀

पारसिककर

मग काय लिहायचं? ‘भयाचा झटका’? झटका म्हटलं की फिट नाही तर मटण.

कळव्याची_समुपदेशक

मी समुपदेशन करते. शब्दाचं नंतर बघू, आधी मजकुरातलं थोडं. सात प्रश्नांची एक चाचणी २००६ पासून सगळीकडे वापरतात, जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं ते विचारतात, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २१. पाचला सौम्य, दहाला मध्यम, पंधराला तीव्र. दहा किंवा वर असेल तर तज्ज्ञाला दाखवावं. चाचणी फक्त चाळणी आहे, निदान नाही. काळजी आवरेनाशी होऊन सहा महिन्यांवर टिकली आणि जोडीला झोप, एकाग्रता, चिडचिड, आखडलेलं अंग, थकवा असं असलं तर निदानाचा विचार होतो.

आता शब्दाचं. नौपाडाताई, तुमच्या मावशींनी दिलेलं उत्तर मी आठवड्यातून चारदा ऐकते. मराठीत चिंतेला कारण लागतं. मुलीच्या लग्नाची चिंता, कर्जाची चिंता. कारण दाखवता आलं नाही की माणूस म्हणतो, मला चिंता नाही. आणि हा आजार तर बहुतेकदा धड कारण न दाखवता, नाहीतर किरकोळ कारणाला लोंबकळून येतो. त्यामुळे ‘चिंता’ विचारली की रुग्ण घरातल्या अडचणी मोजतो, अडचण सापडली नाही की ‘नाही’ म्हणतो. धडधड, पोटात गोळा, झोपेत दचकणं हे विचारलं की हो.

मावशींचं नॉब तपासणं मात्र वेगळं बघायला हवं, ते ओसीडीकडेही, म्हणजे तेच तेच पुन्हा तपासायला लावणाऱ्या आजाराकडेही जाऊ शकतं. आणि ईसीजी काढला तसं थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, त्यानंही धडधडतं. दिवसाचा चहा मोजा. ऐरोलीदादा, छातीत दुखलं की पॅनिकच असेल असं घरबसल्या ठरवायचं नाही, तुम्ही हॉस्पिटलात गेलात ते योग्यच.

ऐरोली_लोकल

गेलो कुठला, नेलं!

जुनं_ते_सोनं

अँग्झायटीच्या मुळाशी जाऊ या. लॅटिन ‘अँगेरे’, म्हणजे आवळणं, गळा दाबणं. छातीच्या दुखण्याला अंजायना म्हणतात तेही तिथूनच आणि जर्मन ‘आंग्स्ट’ही त्याच घरातला. गंमत अशी की संस्कृतात त्याची सख्खी बहीण आहे: ‘अंहु’ म्हणजे अरुंद आणि ‘अंहस्’ म्हणजे संकट. ऋग्वेदात देवांकडे अंहसापासून सोडव अशी प्रार्थना पुन्हा पुन्हा येते. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही ही भावना अरुंद जागेत कोंडल्यासारखी वाटत होती. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे, ‘घुसमट’. पत्रकात घुसमट घाला.

सांगलीची_सून

माहिती भारी, पण ‘घुसमट’ आता पुरवण्यांनी नेला. घुसमट म्हटली की सासरी होणारी. मावशी म्हणतील, आमचे हे चांगले आहेत हो.

पारसिककर

अवांतर: चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचाच फरक आहे, एक मेलेल्याला जाळते, दुसरी जिवंतपणी. आमचे आजोबा रोज ऐकवायचे. आमचं टेन्शन त्यानंच वाढायचं.

कोशवाला

सुभाषित छान, व्युत्पत्ती चूक. चिता ‘चि’ धातूपासून, रचणे, ढीग करणे. चिंता ‘चिन्त्’ पासून, विचार करणे. चिंतन त्याचंच भावंड. म्हणजे मुळात चिंता करणं यात वाईट काहीच नव्हतं. म्हणूनच तर गणपतीला चिंतामणी म्हणतात.

जुनं_ते_सोनं

आणि काळजी काळीजवरून.

कोशवाला

पुरावा?

जुनं_ते_सोनं

काळजी लागली की हात कुठे जातो ते बघा. हाच पुरावा.

कोशवाला

हा पुरावा नाही, अभिनय आहे.

नौपाडाकरीण

मंडळी, शनिवार. ‘ऑन एज’?

सांगलीची_सून

माझ्या आजेसासूबाई यातला एकही शब्द वापरायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "घाबरल्यावानी हुतंय." कशाला घाबरलात विचारलं की चिडायच्या. "घाबरले न्हाई गं, घाबरल्यावानी!" त्या ‘वानी’त सगळं आलं. आमच्याकडे ‘कसंतरीच होतंय’ पण म्हणतात. काय होतंय विचारलं तर, अगं कसंतरीच!

मला वाटतं ताईंनी नाम शोधूच नये. मराठीत हे क्रियापदांनी बोलतात. जीव खालीवर होतो, पोटात कालवतं, धडकी भरते, हातपाय गळतात. ‘ऑन एज’ला नाम कशाला? ‘भांडं पडलं तरी दचकायला होतं का?’ असं विचारा.

कोशवाला

मग पुढच्या वर्षी ‘पोटात कालवणे निवारण केंद्र’ काढा. बोलीचा गोडवा मला मान्य आहे, पण मराठीत शास्त्र यायचं असेल तर नाम लागतं. महापौर हा शब्दही सावरकरांनी दिला तेव्हा लोक हसले असतील. वापरला म्हणून रुळला.

ऐरोली_लोकल

महापौराला रात्री तीनला उठून नॉब बघावा लागत नाही.

वाशी_सेक्टर_९

आमच्या घरी एकच शब्द, टेन्शन. टेन्शन येतं, घेतात, देतात. माझी मुलगी बारावीला आहे, ती ‘मला अँग्झायटी होतेय’ म्हणते आणि आजी विचारते, "उलटी पण होतेय का?" मुलांना इंग्रजी शब्दच आपला वाटतो. अँग्झायटीच ठेवा, फक्त एकदा ठरवा. अँग्झायटी, अँक्झायटी, ॲन्झायटी, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन प्रकार वाचले.

पारसिककर

‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांवर वेगळा धागा काढा. जणू मी मंडईतून अर्धा किलो आणलं.

विटाव्याचा_पोरगा

औषधांच्या शब्दांकडेही बघा ताई, खरी गडबड तिथे होते. माझं मेडिकल स्टोअर आहे. डॉक्टर एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन लिहून देतात. घरी गेल्यावर मुलगा मोबाईलवर बघतो: अँटिडिप्रेसंट, मराठीत नैराश्यरोधक. दुसऱ्या दिवशी पाकीट परत. "आईला नैराश्य नाही हो, फक्त धडधडतं." याच गोळ्या अँग्झायटीलाही देतात हे नावात कुठे दिसतच नाही.

दुसरा शब्द ‘झोपेची गोळी’. डोक्याच्या डॉक्टरनं दिलेली प्रत्येक गोळी लोकांच्या लेखी झोपेची, आणि झोपेची म्हणजे सवय लागणारी. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची. त्या अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटायला लावतात, म्हणून लोक त्या चिठ्ठीशिवाय मागायला येतात आणि मी नाही म्हटलं की भांडतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनची तशी सवय लागत नाही, पण त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात तर मळमळ, कधी थोडी जास्तच बेचैनी. दहा दिवसांनी लोक म्हणतात, काही उपयोग नाही, आणि बंद करतात. महिनाभरानं बरं वाटलं की मग बरं वाटलं म्हणून बंद करतात. एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, आणि मग ‘बघा, सवय लागली होती’. डॉक्टरला विचारून हळूहळू उतरवायची असते. ‘सवय’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात.

कळव्याची_समुपदेशक

हे पत्रकात जसंच्या तसं घ्या. शब्दांच्या गर्दीत एवढंही घाला की गोळ्यांशिवायही उपचार आहेत, आणि दोन्ही मिळूनही घेतात.

नौपाडाकरीण

घेते. पण ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ला, म्हणजे बोलून विचार आणि वागणं बदलायच्या उपचाराला, पुस्तकात ‘बोधात्मक वर्तनोपचार’ मिळालं. मावशीनं विचारलं, "बोधकथा सांगतात का?"

जुनं_ते_सोनं

त्यापेक्षा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या अशाच उपचारपद्धतीचं मराठी नाव बघा, ‘विवेकनिष्ठ’. कि. मो. फडक्यांनी इथे ती पद्धत रुजवली. आणि तुम्ही तर ठाण्यात आहात, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली ती तुमच्याच गावात. तिथल्या कार्यकर्त्यांना विचारा, त्यांची रोजची मराठी याच शब्दांवर चालते.

दादरचा_मामा

ठाण्याचं नाव निघालंच आहे तर... आमच्या लहानपणी ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणजे काय ते सांगायला लागायचं नाही.

नौपाडाकरीण

मामा, माझं सगळं आयुष्य ठाण्यात गेलं. कॉलेजात दादरच्या मुलींना कुठे राहतेस ते सांगितलं की आधी हशा, मग ‘सुट्टीवर आलीस का?’ मनोरुग्णालय १९०१ चं. शंभर वर्षांहून जास्त काळ अख्खं गाव ते नाव वागवतंय.

ऐरोली_लोकल

पुण्याला येरवडा, आम्हाला ठाणं. फरक इतकाच की येरवड्याला जेल पण आहे, म्हणून त्यांना निदान विचारावं तरी लागतं, कुठल्या बाजूला?

दादरचा_मामा

चेष्टा केली हो, मनावर घेऊ नका.

कळव्याची_समुपदेशक

मनावर घेतात मामा. म्हणून तर लोक एमडी मेडिसिनकडे दोन वर्षं धडधड घेऊन फिरतात आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की उठून जातात. माझ्याकडे एक गृहस्थ घोडबंदरहून नेरुळला जायचे, ठाण्यात कुणी बघू नये म्हणून. अशांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर छापा, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं.

कोशवाला

‘मानसोपचारतज्ज्ञ’ की ‘मनोविकारतज्ज्ञ’? दोन्ही एक नव्हेत.

विटाव्याचा_पोरगा

लोकांना एवढं कळू दे: गोळ्या लिहून देतो तो डॉक्टर, तो सायकियाट्रिस्ट. बोलून उपचार करतात ते मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक, ते गोळ्या लिहीत नाहीत.

कोशवाला

सायकियाट्रिस्ट बोलत नाही का?

विटाव्याचा_पोरगा

काका, दुकानात गिऱ्हाईक आहे.

नौपाडाकरीण

छापायला दिलं. पहिली ओळ अशी केली: ‘कारण नसताना जिवाची घालमेल, धडधड, पोटात गोळा? भांडं पडलं तरी दचकायला होतं?’ खाली बारीक अक्षरात, ‘याला डॉक्टर अँग्झायटी म्हणतात’. मावशीला पुन्हा दाखवलं. तिनं दोनदा वाचलं, म्हणाली, "हे कुणी सांगितलं तुला माझं?" आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. डॉक्टरकडे जायचं नाव अजून काढलेलं नाही.

एक घोळ झाला. छापखान्यात कुणीतरी मी लिहिलेलं ‘तज्ज्ञ’ सुधारून ‘तज्ञ’ केलं. तीनशे प्रती.

कोशवाला

अक्षम्य. तत् अधिक ज्ञ, तज्ज्ञ. त्यातला ज् गेला तर ‘ते जाणणारा’ यातलं ‘ते’च गेलं.

पारसिककर

निम्मा महाराष्ट्र ‘तज्ञ’ लिहितो. वापर हाच नियम.

कोशवाला

निम्मा महाराष्ट्र सिग्नलही तोडतो.

सांगलीची_सून

‘उलघाल’ राहिलाच की ताई! घालमेलीपेक्षा नेमका. ‘उलघाल’ बरोबर की ‘उलाघाल’?

जुनं_ते_सोनं

आमच्याकडे उलाघाल.

कोशवाला

तुमच्याकडे म्हणजे कुठे?